दारे बंद, वर्गणी चालू

जी वास्तू पाहायला जाता येत नाही तिच्यासाठी वर्गणी भरत राहायची का? २०२० च्या वसंतात, कोरोनाच्या टाळेबंदीत, इंग्लंडमधल्या कितीतरी घरांत हा प्रश्न निघाला, आमच्या डर्बीतल्या घरातही निघाला. पुढे इथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांनी तो मला वेगवेगळ्या निमित्तांनी विचारला आहे. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाकडे तान्हं बाळ असतं, कुणाच्या घरात लांबलेलं आजारपण असतं. वर्षभर कुठे जाणं होणार नाही हे दिसत असतं आणि दर महिन्याला खात्यातून पैसे तर जात असतात. मी त्यांना सरसकट ‘भरा’ किंवा ‘थांबवा’ असं सांगत नाही. त्या काळात आमच्या घरात आणि आजूबाजूला जे घडलं ते सांगते, कारण त्यातून निर्णय कसा घ्यावा हे मला कळलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला आधी इथली व्यवस्था सांगायला हवी. आपल्याकडे अजिंठा असो की रायगड, जतनाचं काम सरकारी खात्याकडे. आपण तिकीट काढतो, पाहून बाहेर येतो. पुढची काळजी पुरातत्त्व खात्याची. ब्रिटनमध्ये वारशाचा फार मोठा भाग चॅरिटींच्या, म्हणजे धर्मादाय संस्थांच्या हाती आहे. त्यांतली सर्वांत मोठी नॅशनल ट्रस्ट. गरिबांच्या घरांसाठी काम करणारी ऑक्टेव्हिया हिल, वकील रॉबर्ट हंटर आणि पाद्री हार्डविक रॉन्स्ली या तिघांनी ती १८९५ मध्ये काढली आणि दुसऱ्याच वर्षी ससेक्समधलं ॲल्फ्रिस्टनचं एक जुनं घर दहा पौंडांना घेऊन वास्तुजतनाला सुरुवात केली. आज इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधले वाडे, बागा, शेतजमिनी, समुद्रकिनारे तिच्याकडे आहेत. महामारीच्या तोंडावर तिचे सभासद जवळपास साठ लाख होते. दुसरी मोठी संस्था इंग्लिश हेरिटेज. तिच्याकडे स्टोनहेंजसह चारशेहून अधिक स्थळं आहेत. ती २०१५ पासून चॅरिटी म्हणून चालते. त्या वेळी सरकारने आठ कोटी पौंड एकदाच दिले आणि पुढे आपल्या पायावर उभं राहायला सांगितलं. अशा संस्थांचं सभासद झालं की वर्षभर प्रवेश मिळतो आणि बऱ्याच ठिकाणी गाडी लावायचेही पैसे पडत नाहीत.

आमच्या घराजवळचा केडलस्टन हॉल हा कर्झन घराण्याचा, आता नॅशनल ट्रस्टकडे असलेला वाडा. वंगभंगामुळे आपण ज्याला ओळखतो तो लॉर्ड कर्झन याच घराण्यातला. हिंदुस्थानातला १९०४ चा प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा त्याच्याच कारकिर्दीत झाला. मायदेशी परतल्यावर १९११ मध्ये त्याने लिंकनशायरमधला टॅटरशॉलचा किल्ला विकत घेऊन वाचवला. तिथून उखडून नेलेल्या दगडी फायरप्लेसही त्याने शोधून परत आणवल्या आणि १९१३ च्या ब्रिटिश स्मारक कायद्यासाठी जोर लावला. टॅटरशॉल आणि बोडियम हे दोन किल्ले त्याच्या मृत्युपत्रानुसार नॅशनल ट्रस्टकडे गेले. ज्याच्या राज्यकारभाराबद्दल मनात राग आहे, त्याच माणसाने जतनाच्या कामात एवढा जीव ओतला होता, हे मला केडलस्टनला गेल्यावर नेहमी जाणवतं. वर्गणी भरताना मी त्या घराण्याला नव्हे, त्या वास्तूच्या सांभाळाला पैसे देते, हे मी तेव्हाच स्वतःशी पक्कं केलं होतं.

तर २०२० च्या मार्चमध्ये आधी वाडे आणि कॅफे बंद झाले. निदान बागा तरी लोकांसाठी मोकळ्या ठेवाव्यात असा ट्रस्टचा विचार होता, पण इथल्या मार्चमधल्या मदर्स डेच्या तोंडावर गर्दी होऊ लागली आणि त्याही बंद कराव्या लागल्या. २३ मार्चच्या संध्याकाळी टाळेबंदी जाहीर झाली. आमच्या घरातून तेव्हा तीन वर्गण्या जात होत्या: दोन मोठ्या संस्थांच्या आणि डरवेंट नदीच्या खोऱ्यातल्या एका लहानशा गिरणी-संग्रहालयाची. नवऱ्याचं काम विमान उद्योगाशी जोडलेलं. आकाशात विमानंच नव्हती, त्यामुळे त्याला फर्लोवर, म्हणजे सरकारच्या मदतीने दिलेल्या सक्तीच्या पगारी रजेवर, पाठवलं गेलं: पगाराच्या ८० टक्के, तेही महिन्याला अडीच हजार पौंडांच्या आत. पुढे नोकरी राहील की नाही हे कुणीच सांगत नव्हतं.

त्यात आणखी एक खर्च होऊन बसला होता. सासूसासरे मे महिन्यात पुण्याहून यायचे होते. त्यांना वाडे आणि बागा बघायला फार आवडतं, म्हणून फेब्रुवारीतच मी दोघांच्या नावाने एका संस्थेचं वर्षभराचं भेट-सभासदत्व घेतलं, पैसे एकरकमी भरले. मार्चच्या अखेरीस भारताने आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबवली आणि ती दोन कार्डं टपालाच्या पाकिटातच राहिली. आईंना हे कळलं तसा त्यांचा फोन आला. “अगं, आमचं येणं कधी होईल ते देवालाच ठाऊक. तू आधी ते पैसे परत माग बघू. घरात एकाचाच पगार धड चालू आहे.” बाबा मागून म्हणाले, “मागायला हरकत नाही, पण नीट शब्दांत लिही. त्यांच्याही माणसांचे पगार असतील.” मागायचं, पण समोरच्याची अडचण लक्षात घेऊन मागायचं, हे बाबांचं वाक्य मी पुढे प्रत्येक पत्र लिहिताना समोर ठेवलं.

मी लिहिलं. पहिलं उत्तर छापील नमुन्याचं आलं: सभासदत्व ही देणगी आहे, परतावा मिळत नाही. मी पुन्हा लिहिलं की कार्डं एकदाही वापरलेली नाहीत, ज्यांच्या नावाने आहेत ते देशात येऊच शकत नाहीत, आणि मला पैसे नकोत, फक्त वर्षाची सुरुवात पुढे सरकवून द्या. या वेळी एका माणसाने वाचून उत्तर दिलं आणि तारीख पुढे ढकलून मिळाली. पहिल्या नकारावर थांबू नका. संस्थेला जमेल असं नेमकं काय हवं आहे ते एका वाक्यात मागा. परतावा नियमात बसत नसेल, पण तारीख सरकवणं, काही महिने हप्ता थांबवणं, कुटुंबाच्या सभासदत्वावरून एकट्याच्या सभासदत्वावर येणं, यांतलं काहीतरी बहुधा शक्य असतं. आणि ज्याची तारीख ठरलेली नाही अशा पाहुण्यासाठी भेट-सभासदत्व आगाऊ घेऊ नका. माणूस विमानतळावर उतरल्यावर घेतलं तरी ते त्याच दिवशी लागू करता येतं.

माझ्या एका मैत्रिणीने वेगळं केलं. ती त्या दिवसांत संतापलेली होती आणि तिचा संताप रास्त होता. घरात दोन मुलं, दुकानातली नोकरी धोक्यात, आणि बंद असलेल्या संस्थेचा हप्ता खात्यातून जातोच आहे. तिने बँकेच्या ॲपवर जाऊन डायरेक्ट डेबिट बंद केलं. ते कुणालाही कधीही करता येतं, तो ग्राहकाचा हक्कच आहे. पण डायरेक्ट डेबिट बंद केलं म्हणजे करार संपला असं होत नाही. तिने घेतलेलं सभासदत्व वर्षाचं होतं, फक्त पैसे मासिक हप्त्यांनी भरायची सोय होती. काही आठवड्यांनी उरलेल्या हप्त्यांची मागणी करणारं पत्र आलं, मग दुसरं आलं. त्याच सुमारास, जूनमध्ये, काही बागा आणि उद्यानं आगाऊ नोंदणी करून उघडू लागली होती. मुलांना घराबाहेर मोकळ्यावर न्यायची तिला सर्वांत जास्त गरज होती ती नेमकी तेव्हा, आणि तिचं कार्ड चालेना. शेवटी तिने फोन केला, परिस्थिती सांगितली आणि उरलेले हप्ते माफ झाले. तोच फोन एप्रिलमध्ये झाला असता तर मधले दोन महिने तिला जो मनस्ताप झाला तो टळला असता. वर्गणी थांबवायची असेल तर आधी संस्थेला कळवा, उत्तर लेखी घ्या, आणि मगच बँकेकडे जा.

आता मूळ प्रश्न. मी आणि नवऱ्याने एका रात्री कागद घेऊन हिशेब मांडला, आणि त्यातून जे दिसलं त्याने माझा विचारच बदलला. कुटुंबाची वर्षाची वर्गणी तेव्हा सव्वाशे पौंडांच्या आसपास होती. मोठ्या वाड्याचं एका कुटुंबाचं एका वेळचं तिकीट तीस पौंडांच्या पुढे सहज जातं. म्हणजे वर्षात चार-पाच ठिकाणी गेलं की वर्गणी वसूल. एरवी आम्ही त्याहून कितीतरी जास्त फिरत होतो. याचा अर्थ, इतकी वर्षं आम्ही स्वतःला देणगीदार समजत होतो, पण प्रत्यक्षात आम्हीच सवलतीत प्रवेश घेत होतो. दारं बंद असलेल्या वर्षी आमच्या वर्गणीतला प्रवेशाचा भाग गळून पडला आणि ती पहिल्यांदा पूर्णपणे देणगी झाली. मग प्रश्न सरळ होतो: या संस्थेला, या वर्षी, एवढी देणगी मी आपण होऊन दिली असती का? तिन्ही वर्गण्यांना हा प्रश्न वेगवेगळा विचारला तेव्हा उत्तरंही वेगवेगळी आली.

इथे संस्थांनाही एक गोष्ट सांगायला हवी. एरवी त्यांच्या जाहिरातीत ठळक काय असतं? वर्षभर प्रवेश, गाडी लावायचे पैसे नाहीत, मुलांना दिवसभर खेळायला जागा. दारं बंद झाल्यावर त्याच संस्था लिहू लागल्या की तुमची वर्गणी ही प्रवेशासाठी नसून जतनासाठी आहे. दोन्ही विधानं खरी आहेत, पण दुसरं विधान चांगल्या दिवसांतही तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं होतं. ज्यांना कायम प्रवेशपत्रिका विकली त्यांनी प्रवेश बंद झाल्यावर पैसे परत मागितले तर त्यांना कृतघ्न ठरवता येत नाही.

बंद दारांमागे काय चालतं हे कळलं तर देणगीचा निर्णय सोपा होतो. आमच्याच परगण्यात हार्डविक हॉल आहे. बेस ऑफ हार्डविक या जबरदस्त बाईने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. तिने १५९२ मध्ये गिडियनच्या कथेवरचे तेरा प्रचंड भिंतपडदे, टॅपेस्ट्री, विकत घेतले. ते आजही तिथेच आहेत. धूर, धूळ आणि उजेड यांनी विरलेल्या या पडद्यांच्या संवर्धनाचं काम नॅशनल ट्रस्टने १९९९ मध्ये हाती घेतलं आणि ते २०२३ मध्ये पूर्ण झालं. चोवीस वर्षं. एक-एक पडदा धुवायचा, फाटक्या जागी मागून आधार द्यायचा आणि रंग जुळवून टाके घालायचे. असं काम पाहुण्यांच्या तिकिटांवर त्या-त्या महिन्याला चालत नाही. पुढची दहा वर्षं पैसे येत राहतील या भरवशावर ते सुरू होतं.

शिवाय घर बंद राहिलं म्हणजे ते सुरक्षित राहिलं असंही नाही. पडदे ओढलेले असले की उजेडाची झीज थांबते, हे खरं. पण शांत, अंधाऱ्या, माणसांचा वावर नसलेल्या दालनांत कसरीचं फावतं. लोकर, रेशीम, पिसं, कातडं हे सगळं तिच्या अळ्यांचं खाणं. नॉरफोकमधल्या ब्लिकलिंग हॉलमध्ये हा उपद्रव इतका वाढला होता की २०२१ मध्ये ट्रस्टने तिथे सूक्ष्म परजीवी गांधीलमाश्या सोडून पाहिल्या. त्या कसरीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. छताच्या पन्हाळी तुंबतात, नळांत पाणी साचून राहिलं तर रोगजंतू वाढतात म्हणून ते ठरावीक दिवसांनी सोडावं लागतं, रोगट ॲशची झाडं वाटेवर कोसळण्याआधी तोडावी लागतात. हे सगळं करायला माणसं लागतात, आणि फर्लोवर पाठवलेल्या माणसाला त्याच मालकाचं काम करायची मुभा नव्हती. त्यामुळे कमाई थांबली तरी काही माणसांना पूर्ण पगारावर कामावर ठेवणं भाग होतं.

एवढं सांगून दुसरी बाजू लपवणं योग्य नाही. आम्ही वर्गणी भरली, लाखो लोकांनी भरली, तरीही २०२० च्या ऑक्टोबरमध्ये नॅशनल ट्रस्टने १,२९६ जणांच्या नोकऱ्या संपत असल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या ७८२ जणांनी स्वेच्छेने जाणं पत्करलं होतं, ५१४ जणांना काढावं लागलं. महामारीने संस्थेचं सुमारे वीस कोटी पौंडांचं नुकसान झाल्याचं सांगितलं गेलं. वर्गणी येत असताना हे कसं, असं अनेकांनी विचारलं. उत्तर हिशेबात होतं: अशा संस्था केवळ वर्गणीवर चालत नाहीत. कॅफेतला चहा-केक, दुकान, सुट्टीसाठी भाड्याने दिलेली घरं, गाड्यांचं पार्किंग, लग्नसमारंभ, हे सगळं एकदम आटलं. वर्गणी हाच उत्पन्नाचा चालू राहिलेला मोठा झरा होता. म्हणून माझा निष्कर्ष असा की वर्गणी भरल्याने सगळं वाचत नाही, पण ती थांबली की नुकसान होतं, आणि ते सर्वांत आधी पगारपत्रकावर दिसतं. त्या वर्षभरात ट्रस्टचे पाच लाखांहून अधिक सभासद कमी झाले.

त्यांतले काही रागाने गेले. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रस्टने एक अहवाल काढला. आपल्या ताब्यातल्या ९३ वास्तूंचा गुलामगिरीशी किंवा वसाहतवादाशी कसा संबंध आहे ते त्यात मांडलं होतं. त्यावर इथे मोठं वादळ उठलं, सभासदत्व सोडण्याची भाषा झाली. धर्मादाय आयोगाने चौकशी केली आणि मार्च २०२१ मध्ये कारवाईचं काही कारण नसल्याचं सांगितलं. मला मात्र त्याच अहवालामुळे वर्गणी चालू ठेवावीशी वाटली. वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने जमवलेल्या हिंदुस्थानी वस्तूंचा प्रचंड संग्रह आहे, टिपू सुलतानाचा छापील सुती तंबूसुद्धा. त्या वस्तूंपुढे उभी राहिले की माझ्या पोटात कालवतं. त्या तिथे कशा पोचल्या हे सांगण्याचं धैर्य एखादी संस्था दाखवत असेल, तर त्या वेळी मी तिच्या सभासदांच्या यादीत असायला हवं, असं मला ठामपणे वाटलं. ज्यांना उलट वाटतं त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. सभासदाला वार्षिक सभेत मत असतं. २०२१ च्या सभेत सभासदांनी ट्रस्टच्या जमिनीवरच्या ‘ट्रेल हंटिंग’विरुद्ध, म्हणजे आधी टाकून ठेवलेल्या वासामागे शिकारी कुत्री धाववण्याविरुद्ध, कौल दिला आणि त्यानंतर ट्रस्टने त्याचे परवाने देणं थांबवलं. सभासदत्व सोडलं की हे मत जातं.

आमच्या तीन वर्गण्यांपैकी सर्वांत जास्त विचार करावा लागला तो सर्वांत लहान वर्गणीचा. डरवेंटच्या खोऱ्यात १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटने क्रॉमफर्डला पाण्याच्या शक्तीवर सूत कातणारी गिरणी उभारली. तिथून आधुनिक कारखान्याचा नमुना जगभर गेला, आणि हे खोरं २००१ पासून जागतिक वारसा आहे. माझे आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १९८२ च्या संपात त्यांचं काम गेलं. त्या गिरणीच्या जागी आज काय उभं आहे ते मुंबईकरांना सांगायला नको. एखादी चिमणी सोडली तर आजोबांच्या आयुष्याची खूण म्हणून दाखवता येईल असं तिथे काही उरलं नाही. म्हणून या खोऱ्यातल्या एका लहान संग्रहालयात निवृत्त कामगार जुना साचा चालवून दाखवत, तेव्हा तो खडखडाट ऐकून मी आत गेले आणि सभासद होऊनच बाहेर आले. तिथली वर्गणी वर्षाला एका कुटुंबाच्या बाहेरच्या जेवणाएवढी.

टाळेबंदीत तिथल्या खजिनदार बाईंशी माझं फोनवर बोलणं होत असे. त्यांनी जे सांगितलं ते मी आजही प्रत्येकाला सांगते. वर्गणी थांबवणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता. त्यांची अडचण अशी होती की बँकेच्या पानावरून एकेक नाव कमी होत होतं आणि कारण कळत नव्हतं. कोण रागावलंय, कोणाची नोकरी गेली, कोण कायमचं गेलं, कोण पुढच्या वर्षी परत येणार? विश्वस्तांना पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज बांधायचा होता आणि हातात काहीच नव्हतं. घाबरून त्यांनी एकमेव पगारी समन्वयकाचं पद रद्द केलं. पुढच्या वर्षी त्यांतले बरेच सभासद परतले, पण तोवर ते पद सांभाळणारी मुलगी दुसरीकडे कामाला लागली होती. सभासदांनी ‘सहा महिने थांबवतोय, मग परत येईन’ एवढी एक ओळ लिहिली असती तर कदाचित ते पद टिकलं असतं.

या संग्रहालयात पाणचक्कीही आहे. तिचं लाकडी चाक महिनोन् महिने एकाच जागी उभं राहिलं की खालची बाजू पाणी पिऊन जड होते, वरची सुकून तडकते आणि चाकाचा तोल जातो. ते अधूनमधून फिरवत ठेवावं लागतं. ते काम करणारे स्वयंसेवक सत्तरीच्या पुढचे, सक्तीने घरात बसलेले. वर्गणीच्या पैशांतून बाहेरचा कारागीर बोलवता आला म्हणून चाक वाचलं. साचा चालवणारे दोन वृद्ध मात्र त्या काळात गेले, आणि त्यांच्या हातातलं कसब कुणी पुरतं शिकलेलं नव्हतं. तिथे आमचे पैसे उपयोगाचे नव्हते. तेव्हापासून मी लहान संस्थांना वर्गणी देताना विचारते की तुमचं काम पुढच्या पिढीतलं कोण शिकतंय, आणि शिकायला कुणी नसेल तर जमेल तेव्हा स्वतः जाऊन उभी राहते.

मग आम्ही काय केलं? लहान संस्थेची वर्गणी जशीच्या तशी ठेवली. मोठ्या दोनपैकी एक कुटुंबाऐवजी एकट्याच्या नावावर आणली. दुसरी, जिथे आम्हाला देणगी म्हणून काही द्यावंसं वाटत नव्हतं, ती मुदत संपेपर्यंत भरून, कारण लिहून, थांबवली. पगार पूर्ववत झाल्यावर तीही पुन्हा सुरू केली.

अशा वेळी संस्थेची आर्थिक स्थिती अंदाजाने ठरवू नका. इंग्लंड आणि वेल्समधल्या चॅरिटींची नोंदवही धर्मादाय आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. वर्षाला २५,००० पौंडांहून अधिक उत्पन्न असलेल्या संस्थांना हिशेब सादर करावा लागतो. त्यात गंगाजळी किती आहे ते पाहा, आणि त्यातली किती रक्कम विशिष्ट कामासाठी बांधलेली आहे तेही पाहा. कुणीतरी अमुक वाड्याच्या छतासाठी म्हणून दिलेले पैसे पगाराला वापरता येत नाहीत. त्यामुळे ताळेबंदात मोठा आकडा दिसला तरी संस्था अडचणीत असू शकते.

गिफ्ट एडकडे तर बहुतेक मराठी कुटुंबं लक्षच देत नाहीत. फॉर्मवर खूण केली की आपल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. पण अट अशी की त्या वर्षात आपण निदान तेवढा प्राप्तिकर भरलेला असला पाहिजे. २०२०-२१ मध्ये करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १२,५०० पौंड होती. नोकरी गेल्याने ज्यांचं उत्पन्न तिच्या खाली आलं आणि खूण तशीच राहिली, त्यांच्याकडून तो फरक करखातं मागू शकतं. उत्पन्न घटलं तर वर्गणी चालू ठेवली तरी ही खूण काढायला सांगा. आणि पतीपत्नीपैकी जो कर भरतो त्याच्याच खात्यातून आणि नावाने वर्गणी द्या.

ज्याच्या घरात भाड्याचे पैसे जमत नाहीत त्याने हे काहीही वाचत न बसता आजच वर्गणी थांबवावी. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. वाडे चारशे वर्षं उभे आहेत, ते तुमच्या मुलांच्या जेवणाच्या आधी येत नाहीत. पण ज्यांचा पगार चालू होता, प्रवासाचा आणि बाहेर खाण्याचा खर्च वाचत होता, आणि तरी ज्यांनी पहिली काट इथे मारली, त्यांच्याशी मी तेव्हाही वाद घातला आणि आजही घालेन.

माझ्या ठाण्यातल्या भावाने त्याच वर्षी मला फोनवर विचारलं होतं की वाचनालय बंद आहे, पुस्तक बदलून मिळत नाही, तर वर्गणी कशाला भरू. मी त्याला म्हटलं, “दादा, आधी चिटणीसांना तीन गोष्टी विचार. ग्रंथपालांचा पगार चालू आहे का, सरकारी अनुदानाचा हप्ता आला का, आणि पुस्तकांना वाळवीची फवारणी कोण करतंय.” त्याने विचारलं. अनुदान रखडलं होतं, पगार अर्धा झाला होता, फवारणी झालीच नव्हती. त्याने वर्षाची वर्गणी भरली, फवारणीचे पैसे वेगळे दिले आणि पावतीवर कारण लिहून घेतलं, म्हणजे ती रक्कम दुसरीकडे वळणार नाही.